दोन वाजताचा चार्ज

सुमन सिस्टरच्या ॲप्रनच्या खिशात तो चिमटा मी पाहिला होता. ही गोष्ट मी वीस वर्षे कोणालाही सांगितली नव्हती.

आर्मी मेडिकल कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पनवेलच्या एका खासगी रुग्णालयात वॉर्ड सुपरवायझर झालो. फौजेतला एक नियम मी तेथे आणला. चार्ज देताना प्रत्येक वस्तू मोजायची. पुढच्या पाळीची सही मिळेपर्यंत आधीच्या पाळीने वॉर्ड सोडायचा नाही. सुमन सिस्टरच्या हाती या नियमाची छडी झाली.

सुमन दुपारच्या पाळीची इन्चार्ज. सकाळची वनिता उरणकडच्या कोळीवाड्यातली, अजून प्रोबेशनवर. रोज दोन वाजता सुमन तिला अवजारांचा ट्रे तीन-तीनदा मोजायला लावी.

"ही म्हावऱ्याची पाटी नाही गं. नीट मोज."

मासळीवरच्या या टोमण्याला बाकीच्या सिस्टर हसत. वनिताची एसटी चुके. रोज दोघींची तक्रार माझ्यापुढे येई आणि मी वैतागून एकच सांगे, "आपसात मिटवा."

त्या दिवशी १३.४० वाजता गोवा रस्त्यावरच्या अपघातातले चार जखमी आले. दोन वाजले तेव्हा वनिता एकाच्या मांडीची जखम दाबून बसली होती.

"आधी चार्ज," सुमन म्हणाली.

"ताई, रगत तरी थांबू दे."

"सर, एक आर्टरी फोर्सेप कमी आहे. मी सही करणार नाही," ट्रे मोजून सुमन मला म्हणाली.

माझा संयम संपला. "सिस्टर वनिता, उठा. मोजा."

जखम मी दाबून धरली. वाकलो तेव्हा सुमनचा खिसा माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याच आर्टरी फोर्सेपच्या, रक्तवाहिनी दाबायच्या चिमट्याच्या, दोन्ही कड्या बाहेर डोकावत होत्या.

"सर, सकाली पुरे दहा व्हते. तुमी तरी सांगा ना."

मी मान फिरवली. खरे बोलून सुमनची नोकरी गेली असती तर दुपारची पाळी सांभाळायला माझ्याकडे दुसरे कोणी नव्हते. १४.३० वाजता मी वनिताला निष्काळजीपणाचा मेमो दिला. त्या आठवड्यात तिची नोकरी गेली. चारही जखमी वाचले. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली.

फौजेत असताना माझ्या युनिटचे तीन जवान आघाडीवरून परतले नाहीत. त्यांची नावे मी दरवर्षी उभा राहून घेतो. वनिताचे नाव मात्र टाळत आलो, कारण तिला शत्रूने पाडले नव्हते.

गेल्या वर्षी तिच्या दारी गेलो. ती शेजारणींसोबत जाळे विणत होती. तिने मला ओळखले.

"बसा, सर. त्या मेमोनंतर मना कुठल्याच दवाखान्यात घेतला नाय."

मी बसलो नाही. सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वनिताताई, तुम्ही खऱ्या होतात. मला ते त्याच क्षणी ठाऊक होते, तरीही मी मेमोवर सही केली. माझे चुकले. मला माफ करा."