चिकटलेली चौदा पानं

थेल्मामावशीची खूण म्हणजे त्रिकोण. पेन्सिलीनं काढलेला, तांदळाच्या दाण्याएवढा, सदतिसाव्या पानावर, आकड्याच्या शेजारी. लायब्ररीच्या गाडीतलं कुठलंही पुस्तक हातात आलं की ती आधी सदतिसावं पान उघडते. त्रिकोण असला तर वाचलेलं. नसला तर पिशवीत.

आमच्या ब्रॅकनशॉमधल्या सगळ्याच वाचणाऱ्या बायकांच्या अशा खुणा आहेत, कारण दुसरा इलाजच नाही. ती पुस्तकं सगळी सारखीच दिसतात. कव्हरवर एक ड्यूक, थंडी असली तरी शर्टाची बटणं उघडी, मागे घोडा. आत तोच ड्यूक जुगार, दारू, नाटकातल्या बाया सगळं यथासांग करतो आणि शेवटी एका गरीब पण तोंडाळ मुलीपायी सुधारतो. नावावरून काहीही कळत नाही. एव्हिसकाकूची खूण म्हणजे पन्नासच्या आकड्याखाली रेघ. डोरीन म्हणून एक होती ती छोटासा भोपळा काढायची. डोरीनला जाऊन चार वर्षं झाली. मावशी अजून कधीतरी पुस्तक उघडते, म्हणते, "हे डोरीननं वाचलंय," आणि मग तेच आधी घेते.

गाडी दर दुसऱ्या मंगळवारी येते आणि पबच्या मागे पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं थांबते. मावशी नेहमी पहिली. सहा पुस्तकं परत, सहा नवी. पस्तीस वर्षं झाली हे चाललंय.

म्हणजे क्लिफ गेला तेव्हापासून.

क्लिफ तिचा नवरा. ब्रेडची गाडी चालवायचा, दिसायला फारच देखणा होता असं माझी आईसुद्धा कबूल करते आणि आई त्याच्याबद्दल दुसरं काहीच चांगलं बोलत नाही. त्याच्या रस्त्यावर बावीस दुकानं होती आणि निदान पाच ठिकाणी ब्रेड उतरवायला त्याला फार वेळ लागायचा. शेवटी एका शुक्रवारी तो लोकरीच्या दुकानातल्या रीटाबरोबर मोरकॅमला गेला, समुद्रकाठी, ब्रेडच्या गाडीसकट. गाडी कंपनीनं परत नेली. मावशीनं त्या आठवड्यात विणकाम सोडलं आणि पुढच्या मंगळवारी पहिला ड्यूक घरी आणला.

बिस्किटांच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं पॅकिंग केलं. दुसरं लग्न नाही. विचारलं होतं एकानं, कारखान्यातल्याच, नॉर्मन म्हणून. चांगला होता. मावशी म्हणते, "चांगलाच होता गं. पहिल्या पानापासून. मग पुढं वाचायचं काय?"

आई एकदा चिडून म्हणाली होती, "ताई, तुझ्या घरात खराखुरा एक होता. त्यानं वाट लावली तुझी. आणि तू हेच वाचतेस?"

मावशी बटाटे सोलत होती. म्हणाली, "खऱ्यानं कधी सॉरी म्हटलं नाही. हे म्हणतात. दर पंधरा दिवसांनी सहा जण म्हणतात."

 मला तिथंच मावशीला मिठी मारावीशी वाटली, पण तिच्या हातात सुरी होती.

आता हॅरोमियरच्या ड्यूकबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या पुस्तकाची चौदा पानं चिकटलेली आहेत. आठ वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच्यावर लेमन कर्ड सांडलं, ते ब्रेडला लावायचं, लिंबाचं चिकट, आणि ते कडेनं आत उतरून सुकलं. दोनशे सत्त्याऐंशीव्या पानावर ड्यूक मुखवट्यांच्या नाचात दुसऱ्याच्या बायकोबरोबर बाल्कनीत असतो. पुढचं उघडणारं पान तीनशे दोन, आणि तिथं तो फिलिपासमोर, म्हणजे त्यातल्या तोंडाळ मुलीसमोर, गुडघ्यावर बसलाय, डोळ्यांत पाणी, एकदम सुधारलेला. मधे काय झालं ते कुणालाच माहीत नाही. गाडीवरची लिनेट दोनदा ते पुस्तक काढून टाकायला निघाली होती, बायकांनी दोनदा परत ठेवायला लावलं. गाडीत रांगेत उभं राहून त्याच्यावर बोलणं हे आमच्याकडे हवामानाच्या खालोखाल चालतं.

"घोड्यावरून पडला असणार," एव्हिसकाकूचं मत. "डोक्याला मार. त्याशिवाय बाप्ये सुधारत नाहीत."

"त्याची आई मेली असेल," लिनेट.

"थेल्मा, तुला काय वाटतं गं?"

"मला काय माहीत," मावशी म्हणायची.

आणि गेल्या सप्टेंबरात क्लिफ परत आला.

चौऱ्याहत्तर वर्षांचा, एक खुबा नवा, शेजारच्या गावात, चर्चजवळच्या म्हाताऱ्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला. दारू सोडलेली. रविवारी चॅपल, बुधवारी डॉमिनोच्या सोंगट्यांचा डाव. केस अजून सगळे शाबूत, याचा आईला सगळ्यात राग. प्रत्येक रविवारी दुपारी तो पेट्रोल पंपावरची फुलं घेऊन मावशीकडे यायला लागला आणि मावशी त्याला चहा द्यायला लागली. मार्चमध्ये एका रविवारी, आम्ही सगळे बसलेले असताना, आई, मी, मावशी, तो सरळ म्हणाला:

"थेल, मला घरी यायचंय. परत. मी बदललोय."

आईनं कप इतक्या जोरात ठेवला की चमचा खाली पडला. "घरी? पस्तीस वर्षांनी आठवला का पत्ता?"

"तू मधे बोलू नकोस," मावशी आईला म्हणाली. मग क्लिफकडे बघितलं, बराच वेळ, कव्हर बघावं तसं. "माझी पुस्तकं वाच. सहा. मग बोलू."

"ती? ड्यूकवाली?"

"तीच."

"सहा?" क्लिफ म्हणाला. "वाचतो की."

मी त्याच्या बाजूनं होते, सांगून टाकते. मला वाटत होतं हे होणारच आहे, होऊ दे, एकदा तरी कुणाच्या तरी बाबतीत खरं होऊ दे. आई म्हणाली तू वीस वर्षांची आहेस म्हणून असं वाटतं. मावशी एकाहत्तर वर्षांची होती आणि तिलाही वाटत होतं. कारण त्याच आठवड्यात मी वर गेले तर तिच्या कपाटाचा उजवा अर्धा भाग रिकामा. तिथल्या चादरी पलंगावर घड्या घालून ठेवलेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"धूळ झाली होती," मावशी म्हणाली.

दोन मंगळवारांनी क्लिफनं सकाळीच, गाडी त्याच्या गावात थांबली तेव्हा, सहा पुस्तकं परत दिली. आम्ही पोचलो तेव्हा ती ट्रेमध्येच होती. मावशीनं पहिलं उचललं, सदतिसावं पान काढलं. तिच्या त्रिकोणाशेजारी एक छोटी चांदणी. दुसरं उचललं. चांदणी. सहाच्या सहा. त्यानं कधीतरी तिची खूण बघितली होती आणि स्वतःची त्याच पानावर, अगदी चिकटून काढली होती. मला रडूच यायला लागलं. एव्हिसकाकू म्हणाली, "अगं बाई, वाचली की मेल्यानं." मावशीनं ती पानं बोटानं एकदा एकदा पुसली, म्हणजे पुसायला नाही, नुसती.

पाचवं पुस्तक हॅरोमियरचा ड्यूक होतं. त्याच्यावर तिचं बोट जरा जास्त वेळ थांबलं.

रविवारी क्लिफ आला. इस्त्रीचा शर्ट. मावशीनं आल्याचा केक केला होता, जो ती फक्त ख्रिसमसला करते. तिनं एकेक पुस्तकाचं विचारायला सुरुवात केली. तो बोलायला हुशार आहे, पहिल्यापासून. पहिला ड्यूक गर्विष्ठ होता, दुसऱ्याला बापाचं प्रेम मिळालं नव्हतं, तिसऱ्याला चौथ्याला पण मिळालं नव्हतं. सगळं बरोबर होतं. कव्हरच्या मागे लिहिलेलं असतं ते.

"आणि हॅरोमियरचा?" मावशीनं विचारलं.

"वा! तो तर सगळ्यात भारी."

"कुठं बदलतो तो?"

"शेवटाकडे. त्या द्वंद्वात," क्लिफ म्हणाला. केकचा घास त्याच्या हातात होता. "गोळी लागते ना त्याला. आणि पडताना तो तिचं नाव घेतो. खरं सांगतो थेल, मी रडलो. एकटा बसून."

"गोळी."

"खांद्याला."

"कुठल्या?"

"डाव्या," क्लिफ म्हणाला, जराही न थांबता.

मावशीनं केकची बशी आपल्याकडे ओढून घेतली.

"ती पानं चिकटलेली आहेत, क्लिफ."

"कुठली?"

"दोनशे अठ्ठ्याऐंशी ते तीनशे एक. आठ वर्षं झाली. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहितीये."

क्लिफ केकच्या बशीकडे बघत राहिला. आईनं खिडकीकडे तोंड फिरवलं, ती हसत होती आणि तिला ते दाखवायचं नव्हतं.

"पानं चिकटलीत एवढं म्हणाला असतास ना," मावशी म्हणाली, "तरी पुरलं असतं. काही वाचलं नाही म्हणाला असतास तरी." आणि तिची नजर एकदा जिन्याकडे गेली, कपाटाच्या दिशेनं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, उगाचच.

बाहेरच्या खोलीतलं मला ऐकू येत होतं.

"तुला काय माहीत गोळी नाहीये ते?" क्लिफ म्हणत होता. पकडला गेला की तो पूर्वीही असाच चिडायचा, आई सांगते. "पानं चिकटलीत म्हणतेस ना?"

"ते लेमन कर्ड माझं आहे," मावशी म्हणाली.

मी नळ बंद केला.

"माझ्या हातून सांडलं. पण आधी वाचून झालं होतं माझं. त्या पानांत गोळीबिळी काही नाही. त्याला नऊ बाया असतात. तो एकेकीकडे जातो, टोपी हातात घेऊन, आणि बसतो. आणि त्या बोलतात. तो फक्त ऐकतो. एक जण तीन पानं बोलते. एक जण बूट फेकते. तो काही म्हणत नाही, उठतो आणि पुढच्या घरी जातो. बस."

"एवढंच?"

"चौदा पानं."

"कंटाळवाणं वाटतं ऐकूनच," क्लिफ म्हणाला.

"आहेच," मावशी म्हणाली. "किटलीच्या वाफेवर धर. सुटतील. आता जा."

तो गेला. फुलं तिनं पाण्यात ठेवली, फुलांची काय चूक, आणि चादरी परत कपाटात लावल्या. मी मदत करू का विचारलं तर म्हणाली, "चार चादरींना दोन बायका कशाला?"

गाडीच्या पुढच्या मंगळवारी मावशीनं गाडीत सगळ्यांदेखत लिनेटला सांगितलं की ते कर्ड तिनं सांडलं होतं. लिनेट म्हणाली, "माहितीये मला. आत टोस्टचा तुकडा होता, तुमच्या त्या बियांच्या ब्रेडचा." आणि हॅरोमियरचा ड्यूक शेल्फवर नव्हता. क्लिफनं सकाळी आधीच्या थांब्यावर, त्याच्या गावात, नेला होता.

केकच्या रविवारनंतरचे दोन रविवार तो आला नाही. आई खूश. मी नव्हते. मावशी दोन्ही रविवारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वाचत होती आणि एका तासात सहा पानं पुढं गेली होती, मी मोजली.

तिसऱ्या रविवारी बेल वाजली. मावशीनं दार उघडलं. क्लिफ पायरीवर, फुलं नाहीत, कपाळावर एक ओरखडा. आत ये म्हणाली नाही ती. तोही आत आला नाही.

"रीटाकडे गेलो होतो," तो म्हणाला. "मोरकॅमला."

"ते काय आहे कपाळाला?"

"कुंडी. छोटी होती."

"बोलली का?"

"दोन तास. मी काही बोललो नाही." त्यानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "थेल, तिला मी तेव्हा सांगितलं होतं की तू मला घराबाहेर काढलंस. आणि तुझं दुसरीकडे जमलंय. ती इतकी वर्षं तेच धरून होती."

मावशीनं दाराची कडी धरली होती, ती धरूनच उभी.

"मग?"

"मग मी खरं सांगितलं. तर म्हणाली, थेल्माला जाऊन सॉरी सांग. माझ्याकडून."

"सांगितलंस," मावशी म्हणाली. "तिच्याकडून."

रस्त्यावरून कुणाची तरी गाडी गेली. क्लिफ ती पूर्ण जाईपर्यंत थांबला.

"आणि माझ्याकडून पण," तो म्हणाला. "सॉरी, थेल."

शेकडो ड्यूकनी म्हटलेलं तिनं वाचलंय, घोड्यावर, चर्चमध्ये, मरताना. तिला सवय असायला हवी होती. नव्हती. तिनं कडी सोडली आणि कार्डिगनच्या बाहीनं नाक पुसलं, जे ती मला लहानपणापासून करू देत नाही.

"तुला मी परत घेणार नाही, क्लिफ," ती म्हणाली.

"माहितीये."

"अजून किती राहिल्यात?"

"तिघी. एक मेली."

"तिच्याकडे पण जा. फुलं घेऊन." मग म्हणाली, "मंगळवारी गाडीशी ये. माझी पिशवी जड होते."

मंगळवारी तो आला. हॅरोमियरचा ड्यूक त्यानं लिनेटच्या हातात दिला, पानं सुटलेली, वाफेनं लाटा आलेल्या, दोन ठिकाणी फाटलेली. सदतिसाव्या पानावर त्रिकोण होता आणि चांदणी होती. बाकीची पाच पुस्तकं त्यानं शेल्फवरून शोधून काढली आणि तिथल्या चांदण्या खोडरबरनं खोडत बसला. एव्हिसकाकू त्याच्या डोक्यावर येऊन उभी राहिली.

"काय रे क्लिफ, उघडलीस ना ती पानं? काय होतं शेवटी? घोडा ना?"

क्लिफनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडेच बघत होते. एखादा मस्त घोडा त्याच्या जिभेवर आलेला दिसत होता.

"नाही एव्हिस," तो म्हणाला. "तो ऐकतो."

"आणि?"

"चौदा पानं ऐकतोच."

"शी," एव्हिसकाकू म्हणाली. "चिकटलेलीच बरी होती."

मावशीनं सहा पुस्तकं घातलेली पिशवी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती तिच्या फाटकापर्यंत नेली, खाली ठेवली आणि आपली बस पकडायला गेला.