चित्रातल्या आईचं पान

भंडारा रोड स्टेशनवर माझे बाबा माझ्या लेकीला, चिनूला, कडेवर घेऊन गाडीचे डबे मोजत होते, आणि आमची पोट्टी त्यांच्याहून मोठ्यानं मोजत होती. आईनं दशम्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "नाही जमलं तं परत ये. लाजू नको." मी अजिबात रडले नाही. गाडी सुटल्यावर गोंदियापर्यंत मात्र रडत होते, हे तुम्हाला आज पहिल्यांदाच सांगते.

रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगडची राजधानी झालं होतं. जिकडेतिकडे रस्ते खोदलेले, सरकारी पाट्यांचा रंग ओला. ह्यांच्या कंपनीनं इथं ऑफिस उघडलं म्हणून आम्ही शंकर नगरात भाड्यानं राहायला आलो. भाजीवाल्यापासून सगळे मला दीदी म्हणायचे आणि मला ते आवडायलाही लागलं. चिनूचं मात्र काही केल्या जमेना. हिंदी शाळेत ती तोंडच उघडेना. मॅडमनी मला बोलावून सांगितलं, हिला गिनती येत नाही, खालच्या वर्गात बसवावं लागेल.

माझं डोकंच फिरलं. माझ्या पोरीला गिनती येत नाही? रोज संध्याकाळी घोकून घ्यायला लागले, आधी मराठीत, मग हिंदीत. ती घरीही गप्प झाली. शेवटी ह्यांना सांगून टाकलं, दिवाळीला चिनूला घेऊन मी भंडाऱ्याला जाते ती कायमची, तुम्ही सांभाळा तुमची राजधानी. बॅगसुद्धा काढली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड शिक्षिका राहायच्या. अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, त्यांनाही दीदीच म्हणायचा. दुपारी त्यांच्या हॉलमध्ये गल्लीतली पोरं चित्रांची पुस्तकं बघत बसायची. जाण्याआधी एक शेवटचा उपाय म्हणून मी चिनूला त्यांच्याकडे नेलं आणि म्हटलं, हिला जरा गणित शिकवा. त्या "हव", म्हणजे हो, म्हणाल्या आणि चित्रांचं पुस्तक उघडलं. मनात म्हटलं, घ्या! पोरगी मागं राहून राहिली अन् ह्या चित्रं दाखवून राहिल्या.

पण काय पुस्तकं होती ती! एकात डोंगरातली म्हातारी टोपी विणत होती, लाल, पिवळा, लाल, पिवळा, आणि पुढचा रंग पोरांनी सांगायचा. एकात कानाला मशीन लावलेली कोळ्याची मुलगी लहानमोठे मासे वेगवेगळ्या टोपल्यांत टाकत होती. एकात चाकाच्या खुर्चीतला मुलगा बाजारात चपलांचे जोड लावत होता. काळीसावळी, चपट्या नाकाची, तेल लावून दोन वेण्या घातलेली, सगळ्या तऱ्हेची पोरं. चिनू बोलायची नाही, पण तिचं बोट चित्रांवरून फिरायचं.

एका दुपारी जेवणाचं पुस्तक निघालं. जंगलातल्या गावातलं घर, पानागणिक एकेक पाहुणा येतो, एकेक पत्रावळ वाढते. शेवटच्या पानावर सगळे बसलेले आणि आई वाकून भात वाढतेय. चिनूनं आधी एकेका पत्रावळीवर बोट ठेवलं, मग एकेका तोंडावर. कपाळाला आठ्या घालून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आणि भरल्या हॉलमध्ये ठणकावून म्हणाली, "एक पत्तल कम है. मम्मी को नहीं मिला."

दीदींनीही पत्रावळी मोजून पाहिल्या. शाबास म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "हव बेटी, कम हे. अब का करबो?" आता काय करायचं, असं तिलाच विचारलं. चिनूनं कागद मागितला, हिरवं पान काढलं आणि चित्रातल्या आईसमोर ठेवून दिलं.

खरं सांगू? मला ते चित्र बरोबरच वाटलं होतं. वाढणारी बाई पंगतीत धरायची असते हे माझ्या डोक्यातच नव्हतं. अन् म्हणे हिला गिनती येत नाही! मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

दुसऱ्या दिवशी दीदी पुस्तक काखेत मारून माझ्यासोबत शाळेत आल्या. चिनूनं मॅडमसमोर बोट ठेवून सगळं करून दाखवलं. तिला तिच्याच वर्गात राहू दिलं, आणि मी बॅग माळ्यावर टाकली. दीदी आता नाहीत. परमुलखात मला माणूस भेटलं ते त्यांच्या रूपानं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

इतकी वर्षं झाली, आता घर कुठलं, असं तुम्ही विचारता. मी त्या दिवाळीचं सांगते. आम्ही भंडाऱ्याला गेलो, पण परतीचं तिकीट काढूनच. दुपारी सगळे जेवायला बसलो, आई वाढत होती; ती नेहमी सगळ्यांचं आटोपल्यावर मागून जेवायची. चिनू उठली, स्वयंपाकघरातून एक ताट आणलं, आपल्या शेजारी ठेवलं आणि म्हणाली, "नानी का." आई म्हणाली, "अवं, मी बसली तं वाढन कोण?" चिनू ताटाला हात लावेना. मग बाबाच उठले, भाताचं पातेलं आणून मधोमध ठेवलं. आई बसली, अवघडून, एक गुडघा वर घेऊन. चिनूनं सगळ्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि मगच जेवायला लागली.

आईनं पहिला घास तोंडात घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "गरम आहे वं भात."