उन्हावरचा उपाय

"उन्हाशी मस्ती नाही, सर. आपण इथे पाहुणे," असं म्हणत ते डोळ्यांवर तळहात धरायचे आणि आकाशाकडे असे बघायचे, जणू वर कोणीतरी नियम मोडतंय.

दुबईत, ऊद मेथा भागातल्या आमच्या शाळेत ते पीटी शिकवायचे, मी ग्रंथपाल. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याची तब्येत बघून स्वतःची लाज वाटते. रायगडच्या किनाऱ्यावरचे, पन्नाशीला टेकलेले, आणि दर रविवारी अल ऐनच्या डोंगररस्त्यावर चढ पळणारे. मला जिन्यात धाप लागली की म्हणायचे, "सर, पुस्तकं उचलता की दगड? यल्ला, चला!"

दर मे महिन्यात ते सगळ्यांकडून, अगदी शिपायांकडूनसुद्धा, उन्हावरचा उपाय पाठ करून घ्यायचे. सावली, मानेवर बर्फ, मीठ घातलेलं लबान म्हणजे इथलं ताक, आणि पडून राहणं. मुलं कुरकुरायची, "सर, वी नो धिस!"

"मग बोलून दाखव!"

तो शनिवार होता. शाळा बंद, नर्स सुट्टीवर, फक्त रिलेचा सराव, मदतीला मी आणि दोन शिपाई. सकाळी आठच्या सुमारास त्यांच्या उजव्या हातातलं स्टॉपवॉच पडलं. उचलायला वाकले ते तिथेच बसले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. "ऊन... ऊन..." एवढंच जड जिभेने म्हणाले.

आम्ही त्यांचाच धडा गिरवला. स्टाफरूममध्ये एसी लावून त्यांना आडवं केलं, मानेवर बर्फ ठेवला. लबान ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलं, ते मी रुमालाने पुसलं. कोणीतरी हॉस्पिटलचं नाव काढलं. "झोपू द्या, उतरेल," मीच म्हणालो. मुलांना घरी पाठवलं आणि शेजारी बसून पुस्तक वाचत राहिलो. चांगलं पुस्तक होतं. एक वाजता उठवायला गेलो, तर उजवा हात, उजवा पाय हलेना.

"मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झालीय. कधी सुरू झालं?" हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आठ वाजता."

"मग पाच तास काय करत होतात?"

"एवढा पळणारा माणूस, डॉक्टर. आम्हाला वाटलं..."

त्यांनी पुढचं ऐकलं नाही. मांडीतून तार घालून गुठळी काढली, पण तोवर मेंदूचा बराच भाग गेला होता. खेळाडू आहेत, लवकर उभे राहतील, असं सगळेच म्हणाले. चार महिन्यांच्या व्यायामानंतर ते आधाराचा बार धरून दहा पावलं चालले. बोलणं परत आलं नाही. शाळेने निरोपाचा केक कापला. नवे पीटी सर त्याआधीच रुजू झाले होते.

गेल्या महिन्यात ते गावी वारले. दुसरा झटका. फोनवर त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, म्हणाल्या, या वेळी वीस मिनिटांत दवाखाना गाठला होता.

ते गावी परत निघाले तेव्हाचा विमानतळ मला आठवतो. भाभी माझे हात धरून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जवळ होतात म्हणून वाचले. लगेच नेलंत ना?"

"हो. अर्ध्या तासात."

व्हीलचेअरच्या हातावर पीटी सरांच्या डाव्या हाताचं बोट आपटलं. एक. दोन. तीन. चार. पाच. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय मोजताय हो?" भाभींनी विचारलं.

विमानतळाच्या माणसाने खुर्ची वळवली. ते मान मागे वळवून बघत होते, तोवर दार बंद झालं.