पोपटी फडक्यातला भोपळा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, मागाहून मला ऐकू येता कामा नये. कारण या गोष्टीत गाढव एकच आहे आणि ते तुमच्यासमोर बसून चहा पितंय. तुम्ही म्हणाल, वसतिगृहात राहिलेला माणूस, केली असेल काही खोडी. खोडी असती तर मान ताठ ठेवून सांगितली असती हो! मी तर अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून माती खाल्ली.

तेव्हा मी दहावीला होतो, मेहकरला वसतिगृहात. गाव जानेफळ. तसं लांब नाही, पण रोज जाऊन-येऊन केलं तर पोरगं अभ्यास करत नाही, एसटीच्या खिडकीतून शेतं बघत बसतं, असं आमच्या बाबांचं मत. आणि मत बरोबर होतं.

वसतिगृहातलं जेवण कसं असतं ते मी नव्याने काय सांगू? स्वयंपाक करणारी मावशी माणूस म्हणून सोनं. पण पोरं वाढली की डाळ वाढत नाही, पाणी वाढतं. त्यामुळे आम्ही सगळे रविवारवर जगायचो. रविवारी सकाळच्या एसटीने गावाकडून डबे यायचे. आई गावातल्या थांब्यावर डबा कंडक्टरच्या हवाली करायची, आणि मेहकरच्या स्टँडवर आम्ही तो उतरवून घ्यायचो.

आता डबा कुणाचा हे कसं ओळखायचं? फडक्यावरून! प्रत्येक आईचं फडकं ठरलेलं. कुणाचं बाबांच्या धोतराचं, कुणाचं जुन्या चादरीचं. माझ्या आईचं पोपटी साडीचं, आणि त्यावर गुलाबी फूल एवढं दांडगं की एका फडक्यात एकच मावायचं. ती साडी पाटलांच्या पोरीच्या लग्नात आहेरात आली होती. आईने घडी उलगडली, पाहिली आणि म्हणाली, "नेसाले नाही, बांधाले बरी हाये."

डबाही त्याच लग्नातला. तीन कप्प्यांचा, स्टीलचा, वर नाव कोरलेलं. नाव अर्थातच नवरीच्या बापाचं.

पाटलांनी साडी आणि डबा काय फक्त आमच्याच घरी दिला असेल? बघा, तुम्हाला लगेच प्रश्न पडला. मला नाही पडला.

वसतिगृहाचा आणखी एक कायदा होता. डबा ज्याचा, पहिला घास त्याचा. पुढचं सगळ्यांचं. आणि माझ्या डब्याभोवती गर्दी जरा जास्तच, कारण आईचा ठेचा. आई तव्यावर मिरच्या टाकते तेव्हा शेजारच्या घरातली माणसं शिंकतात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि कोरडा झुणका. माझ्या खोलीतला सोपान तर शनिवारी रात्रीपासूनच पोटात जागा करून ठेवायचा. तो वडनेर भोलजीचा. गाव लांब, त्याला डबा यायचा नाही, म्हणून माझ्या आईला तो माझ्यापेक्षा जास्त मानायचा.

तर त्या रविवारी मी स्टँडवरून पोपटी फडकं उचललं आणि धावत वसतिगृहात आलो. पोरं गोल करून बसली. मी गाठ सोडली, झाकण उघडलं.

पहिल्या कप्प्यात दुधी भोपळ्याची भाजी. पांढरीफटक. दुसऱ्यात मऊ खिचडी. तिसऱ्यात कोरड्या पोळ्या.

मी घास घेतला. तिखट नाही. बरं, मीठ तरी? तेही नाही!

"काऊन बे, काय झालं?" सोपानने विचारलं. मी भाजी त्याच्यापुढे सरकवली. त्याने खाल्ली आणि घास तसाच गालात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"गजू, हे तुह्या मायनं नाही केलं."

"फडकं तं तिचंच हाये."

"तेच म्हनतो ना बे. फडकं तिचं, पन हात तिचा नाही. घरी काहीतरी झालं."

दुसऱ्या कुठल्याही पोराच्या डोक्यात आलं असतं की डबा बदलला. पण आमच्याकडे एकवेळ आधारकार्डावरचा फोटो चुकेल, आईचं फडकं चुकणार नाही! मी हिशेब मांडला. आईने केलं नाही, म्हणजे तिला उठवत नाही. बाबांना चूल पेटवता येत नाही, म्हणजे शेजारणीने केलं. आणि बिनामिठाचं, म्हणजे आजारी माणसासाठी केलं, त्यातलंच थोडं मला धाडलं. गणिताच्या पेपरात माझ्या पायऱ्या कधी एवढ्या पटापट सुटल्या नव्हत्या.

वसतिगृहात मोबाईलला बंदी. मी धावत स्वयंपाकघरात गेलो आणि मावशीच्या मोबाईलवरून घरी फोन लावला. धाकट्या बहिणीने उचलला.

"निमे, माय कोठी हाये?"

"माय दवाखान्यात गेली."

मी ओरडलो, "काय झालं वं?"

"सकाळपासून काही खाल्लंच नाही ना. नुसती पडून होती. मंग बाबानं उचलून ऑटोत टाकलं अन् नेलं."

आणि फोन कट! पुन्हा लावला तर लागेना.

आता घरी जायचं तर सुट्टी पाहिजे, आणि सुट्टी देणार खंडारे सर. सर आमचे अधीक्षक, वसतिगृहाच्याच एका खोलीत राहायचे. त्यांची बायको बाळंतपणाला माहेरी गेल्यापासून ते आणखी कडक झाले होते. त्यांच्याकडे सुट्टी मागणं म्हणजे कोर्टात उभं राहणं. कशाले, कोनाकडे, मागच्या खेपेले काय सांगितलं होतं?

मी दार वाजवलं. बऱ्याच वेळाने ते उघडलं आणि मी बघतच राहिलो. सरांचे डोळे लालभडक. गालांवरून पाण्याच्या धारा. नाक वाहतंय, कपाळ घामाने डबडबलेलं, रुमाल तोंडावर दाबून धरलेला.

"सर, माही माय..." एवढं म्हणून मी रडायलाच लागलो.

सरांनी बोलायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसतं "हाऽ हाऽ" असं निघालं. मग त्यांनी माझा खांदा दाबला, हाताने फाटकाकडे दाखवलं, जा, लवकर जा, आणि डोळे पुसत दार लावून घेतलं.

सोपान माझ्या कानाशी आला. "सरले फोन आला असन बे. सर रडून राह्यले."

खंडारे सर रडले, आणि खंडारे सरांनी न विचारता सुट्टी दिली! मला पुढचं कुणी सांगायची गरजच उरली नाही. आई गेली! हसू नका हो, खरंच सांगतो, तसं वाईट मला आयुष्यात परत कधी वाटलं नाही. मागच्या सुट्टीहून निघताना आई अंगणात उभी होती आणि मी नीट वळूनही पाहिलं नव्हतं, तेवढंच डोळ्यांपुढे येत राहिलं.

सोपान आणि मी एसटीत बसलो. मी खिडकीला डोकं टेकून हुंदके देतोय, शेजारी टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी विचारते, "काय झालं रे बाबू?"

"त्याची माय गेली, आजी," सोपानने सांगून टाकलं.

"अरे माह्या सोन्या!" म्हातारीने टोपली खाली ठेवून मला पोटाशी धरलं. मागच्या सीटवरच्या दोन बायाही पदर डोळ्यांना लावून पुढे आल्या. जानेफळ आलं तशा तिघी आमच्यासोबत उतरल्या. ओळख ना पाळख! पण आईवेगळ्या पोराला घरी एकटं जाऊ द्यायचं नसतं, असं म्हातारीचं म्हणणं.

आता आमच्या भागातली रीत तुम्हाला ठाऊक असेल. मयताच्या घरी गुपचूप जायचं नसतं, गल्लीच्या तोंडापासून हेल काढत जायचं. म्हातारीने गल्लीत पाय ठेवला आणि असा काही सूर लावला की झाडावरचे कावळे उडाले.

"कशी सोडून गेलीस वो माऽऽय, लेकराले पोरकं करून गेलीस वोऽऽ!"

मी मागून, "माय वोऽऽ!" आणि सोपान तर माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत. त्याचा ठेचा गेला होता ना!

गल्लीतली दारं धडाधड उघडली. रडणं ऐकलं की आधी सामील व्हायचं, कोण गेलं ते मागून विचारायचं, हीही रीतच. बाया हातातलं काम टाकून आल्या आणि रडू लागल्या. त्यातलीच एक पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली, तिने मला मिठी मारली आणि "अरे माह्या लेकरा!" म्हणून गळा काढला. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडलो. त्या खांद्याला भाजलेल्या मिरचीचा वास येत होता.

चांगलं रडून झाल्यावर ती माझ्या कानात हळूच म्हणाली, "गजू, कोन गेलं रे?"

"माय गेली वो!"

"कोनाची?"

"माही!"

ती दोन पावलं मागे सरकली. "मंग मी कोन हाये?"

मी डोळे पुसले. समोर आई! धडधाकट, कपाळाला पीठ लागलेलं. सगळ्या बायांचं रडणं एकदम बंद. अंगणात आमची बकरी पाला चघळत माझ्याकडे बघत होती. तीच सकाळपासून काही न खाता पडून होती, आणि तिलाच आईबाबांनी ऑटोत टाकून गुरांच्या दवाखान्यात नेलं होतं.

मला एवढा आनंद झाला की मी आईचे पाय धरले. पण आईने आधी चौकशी लावली.

"तुले कोनं सांगितलं, मी मेली म्हनून?"

"माय, डब्यात भोपळा होता. बिनामिठाचा."

आईचा चेहरा पाहायला हवा होता. मेल्याची बातमी तिने सहन केली, भोपळा नाही सहन झाला! "भोपळा? माह्या डब्यात? अन् तू तो खाल्ला, अन् वरून म्हनला हे माह्या मायनं धाडलं?"

तेवढ्यात गर्दीतून शेजारच्या शांताकाकू पुढे आल्या. "थांब वो बाई. भोपळा तं म्या धाडला, जावयाले! पोरगी माह्याकडे बाळंतपणाले आली, अन् जावयाले बीपीचा त्रास. डॉक्टरनं मीठ-मिरची बंद केली म्हनून आजपासून डबा सुरू केला. पोपटी फडक्यात बांधला."

"पोपटी?" आईने विचारलं.

"ते पाटलाच्या लग्नातली साडी नाही का! नेसाच्या लायकीची होती का ते?"

काकूंचे जावई कोण? आमचे खंडारे सर!

आता काकूंनी खराखुरा सूर लावला. "अवो, मंग तुहा ठेचा माह्या जावयाच्या पोटात गेला वोऽऽ!" त्यांनी फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. सरांचा आवाज बसलेला होता, पण असा मऊ आवाज आम्ही वसतिगृहात कधी ऐकला नव्हता.

"मामी, काय ठेचा होता! डोळ्यांतून पाणी गेलं, पन बोटं चाटून डबा साफ केला. लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा सासुरवाडीचं जेवलो असं वाटलं."

काकूंनी फोनकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि फोन ठेवून दिला. आईने पदराने कपाळाचं पीठ पुसलं आणि आत जाऊन एसटीतल्या त्या तीन बायांसाठी चहा टाकला. मला आणि सोपानला तिने गरम भाकरी आणि झुणका वाढला. सोपान खाता खाता पुन्हा रडला, पण ते वेगळं रडणं.

पुढच्या रविवारी सकाळी खंडारे सर खोलीच्या दारात उभे. "गजू, तू अभ्यास कर. दहावीचं वर्ष हाये. डबे मी घेऊन येतो."

सर आले. दोन्ही हातांत पोपटी फडकी. दोन्ही डबे त्यांनी निरखले, नाकाशी धरले आणि एक माझ्या हातात दिला. मी उघडला. भोपळा.

सरांना कोण बोलणार? मी संध्याकाळी मावशीच्या मोबाईलवरून आईला फोन लावला. "माय, पाया पडतो, फडकं बदल. दुसरं कोनतंही बांध. सर माहा डबा खाऊन राह्यले."

"माहीत हाये मले," आई म्हणाली. "बीपीचा मानूस हाये, म्हनून दोन मिरच्या कमी टाकल्या म्या."

"अवो पन मी काय खाऊ?"

"तू भोपळा खा. तुले नाहीतरी मायचा हात वळखू येत नाही. ज्याले वळखू येते, त्याले खाऊ दे."