तुऱ्याचा पतंग

पडवीच्या खांबावरची वाळकी काडी झाडायला मी केरसुणी उचलली, तर काडीला पाय दिसले!

“थांब, झाडू नकोस!” शेजारी भाजी निवडत बसलेली मावशी ताडकन उठली. शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची. “पतंग आहे हा! पंख मिटलेत आणि पाठीवर तुरा उभा आहे बघ. या कुळाची ही खूणच! जन्मभर मुलांना चित्रात दाखवला, जिवंत आज पाहतेय.”

“पण नाव काय याचं?”

“नेमकी जात नाही सांगता येणार. घराणं कळलं, हेच खूप!”

वर्गीकरण म्हणजे मला नुसते कप्पे वाटायचे. मावशीचा आवाज मात्र दूरचा नातलग दारात आल्यासारखा थरथरत होता.

तेवढ्यात पतंग उडाला आणि सत्तरीतली मावशी अनवाणीच त्याच्यामागे अंगणात धावली.