खानेसुमारीत लिहिलेलं एक मूल

मी तेव्हा कल्याणच्या शाळेत मास्तर होतो आणि आपल्या बिनचूकपणाचा मला फार ताठा होता. खानेसुमारीचं काम आलं तेव्हा बाकीचे मास्तर कुरकुरले. मी मात्र नवी दौत विकत घेतली. डोंबिवलीच्या पलीकडे, कोपरजवळची खाडीकाठची आगऱ्यांची एक वाडी माझ्या वाट्याला आली. माणसं भात पिकवणारी, उन्हाळ्यात मिठागरावर राबणारी. घरांवर गेरूने आकडे घातले आणि दारोदार माणसं लिहीत सुटलो.

एका दारात दोन बायका भात पाखडत होत्या. एकीच्या मांडीवर वर्षाचं गुटगुटीत पोर. मी दुसरीला विचारलं, "मूल कोणाचं?"

"तिचा हाय," ती पोराकडे न बघताच म्हणाली. मांडीवर पोर असलेलीनेही होकारार्थी मान हलवली. ती होती शेजारच्या घरात एकटी राहणारी विधवा. मी तिच्या घराच्या नोंदीत लिहिलं: विधवा, वय तीस. मुलगा, वय एक. नवरा कधी गेला याचा रकानाच नव्हता, म्हणून विचारलं नाही. असा मी शहाणा!

आठ दिवसांनी तपासणीस कारकून चावडीवर येऊन घरवार नोंदी वाचू लागला. वाडी जमली होती, शिवाय आसपासच्या गावांचे पाटील, शिपाई होते. माझ्या त्या नोंदीपाशी तो थबकला.

"हिचा नवरा जाऊन किती वर्षं झाली?"

"सहा," गावचा पाटील पुटपुटला.

बाहेरगावची माणसं हसली. एक शिपाई जे बोलला ते मी इथे लिहिणार नाही. विधवेची मान खाली गेली. वाडीतलं मात्र कोणीच तोंड उघडेना.

पाटलाने मला बाजूला ओढलं. त्या दिवशी विधवेबरोबर भात पाखडणाऱ्या दुसऱ्या बाईची चार मुलं एकामागून एक गेली होती, कुणी तापाने, कुणी देवीने. पाचवं झालं ते बाराव्या दिवशी सुपात घालून तिने या विधवेला विकलं. मोल पसाभर कोंडा. तेव्हापासून ते विधवेचं. खऱ्या आईने त्याला 'माझं' म्हटलं की मरण त्याला हुडकत येणार. सगळ्या वाडीला हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच सगळी वाडी गप्प होती.

माझ्या एका ओळीने एका बाईची अब्रू चव्हाट्यावर आली होती. ती वाचवायची तर दुसरीने, तिच्या समजुतीप्रमाणे, पोर मरणाच्या हवाली करायचं. मनातल्या मनात मी त्या समजुतीला खुळेपणा म्हणालो. पण चार मुलं पुरलेल्या बाईला ते तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

"लिहिताना माझी चूक झाली," मी कारकुनाला म्हणालो.

"मग मूल कोणाचं? जिचं असेल तिने सांगावं, मी खोडतो."

आई उठली. विधवेसाठी ती बोलणार हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तोच विधवा पुढे आली आणि तिने आईच्या तोंडावर हात दाबला.

"गप गं! माजाच पोर हाय तो. मास्तरांनी लिवलाय तो बरोबर लिवलाय. ज्याला हसाचा त्याला हसू दे."

एवढ्यात पोर रांगत आलं, खऱ्या आईच्या लुगड्याला धरून उभं राहिलं आणि त्याने हात वर केले. तिने मुठी आवळल्या. उचललं नाही. ते भोकाड पसरून रडू लागलं, तेव्हा विधवेनेच त्याला कडेवर घेतलं. हसणारे गप्प झाले.

कारकुनालाही बहुधा उमगलं. हळू आवाजात त्याने विचारलं, "मास्तर, काय करू?"

"नोंद बरोबर आहे," मी म्हणालो. जाणूनबुजून खोटं लिहिलेलं ठेवण्याची माझी ती पहिलीच वेळ, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. विधवेच्या खांद्यावरून पोर हात पुढे करून रडत होतं, आणि त्याची आई पाठ फिरवून उभी होती.