आईचं कन्फेशन

कॅनडातल्या ओकव्हिलच्या बाहेरचं ते दगडी चर्च जुन्या धाटणीचं आहे. टोकदार कमानींच्या अरुंद खिडक्यांमुळे आत दिवसाही अंधारच असतो. वसईहून आणल्यावर आईला मी तिथं कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली द्यायला, नेलं. फादरना मराठी येत नव्हतं, तरी ती कबुलीच्या छोट्या लाकडी खोलीत जाऊन मराठीतच बोलली. कमी ऐकू येत असल्यानं मोठ्यानं बोलली. जाळीच्या दारातून प्रत्येक शब्द माझ्या बाकापर्यंत आला.

"फादर, मला लेकीचा राग येतो. तिनं न विचारता माझं घर बंद केलं."

डोळे पुसत ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

"तुला ऐकू आलं का गं?"

"नाही," मी म्हणाले.

गाडीपर्यंत आम्ही दोघी बर्फातून चालत गेलो.